पेठेतल्या तालमी आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांना, शाळेतल्या बाईंचं खुलं पत्र

कोल्हापुरातल्या आपल्या पेठेतल्या सगळ्या तालमी, तरुण मंडळं आणि संध्याकाळी कट्ट्यावर जमणारे समस्त कार्यकर्ते यांना,

सप्रेम नमस्कार.

पत्र जरा मोठं झालंय. एका दमात होत नसेल तर दोन-तीन टप्प्यात वाचा पण वाचा, कारण तुमच्यातले बरेच जण आमच्याच शाळेत बसून गेलेत आणि धडा लांब असला की "बाई, किती ओ" म्हणायची सवय तुमची तेव्हापासूनची आहे. मी महापालिकेच्या शाळेत चौथीला शिकवते, कुठल्या ते तुम्हाला माहीत आहे, बाकीच्यांना कळून काय करायचंय. निकाल लागले, प्रगतीपुस्तकं वाटून झाली, आता शाळा जूनच्या मध्यापर्यंत बंद. तेवढ्या फुरसतीत यंदा वर्षभर शाळेत काय काय चाललेलं ते तुम्हाला सांगायचंय आणि मग एक काम सांगायचंय. तक्रार करायला बसले नाही. म्हणजे थोडी आहे, ती मधे येईल.

आता तुम्हालाच का, तर शाळा सुटते पाचला. पाचनंतर आमची पोरं असतात कुठं? आई कुणाच्या तरी घरी स्वयंपाकाला, नाहीतर दुकानात कामाला, बाप शिरोलीच्या नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत, सेकंड शिफ्ट असली की रात्री अकराशिवाय घरात नाही. पोरं असतात तुमच्या तालमीच्या दारात, मंडळाच्या शेडमधे, तुमच्या गाड्यांच्या सीटवर. तुम्ही कसे बोलता, कसे भांडता, हरल्यावर काय करता, मोबाईलवर काय बघता ते सगळं ती बघत असतात आणि दुसऱ्या दिवशी साडेदहाला ते सगळं घेऊन आमच्याकडे येतात. आम्ही शिकवतो गुणाकार, पण पोरगं आतून निवांत असेल तर गुणाकार आत जातो, नसेल तर फळ्यावर कितीही छान अक्षर काढा, काय उपयोग नाही. यंदा शाळेत आम्ही जे काय केलं ते एवढ्या एका गोष्टीभोवती केलं.

सुरुवात हजेरीपासून. जूनमधे ठरवलं की नाव घेतल्यावर पोरांनी नुसतं "हजर बाई" म्हणायचं नाही, पुढं आज कसं वाटतंय ते एका वाक्यात सांगायचं. पहिले काही दिवस सगळ्यांचं एकच, "हजर बाई, बरं हाय." तिसरीपासून सातवीपर्यंत सगळ्या वर्गात बरंच हाय. मग एक दिवस माझ्या वर्गातली एक मुलगी म्हणाली, "हजर बाई, पण आज मला कुणी काय विचारू नका." वर्ग गप्प. मी म्हटलं बरं, नाही विचारत, आणि पुढचं नाव घेतलं. तिच्या लेखी तेवढंच पाहिजे होतं आणि बाकीच्यांना कळलं की असलं पण बोलून चालतंय. त्यानंतर जे सुरू झालं ते काय विचारू नका. "हजर बाई, मांजराला पिल्लं झाल्यात, चार." "हजर, आजीला सीपीआर दवाखान्यात नेलंय." "हजर, रात्री पप्पा आलेच न्हाईत." "हजर, भूक लागल्या."

ह्यावर आम्ही काय करतो? बऱ्याच वेळा काहीच नाही, ऐकतो. भूक लागल्या म्हणणाऱ्यासाठी कपाटात शेंगदाणे-गुळाचा डबा ठेवलाय, कारण खिचडी दुपारी येते आणि साडेदहाला उपाशी आलेल्या पोराला दुपारपर्यंतचं काहीच ऐकू जात नाही. आजीला दवाखान्यात नेलेल्याला त्या दिवशी पाढे विचारत नाही. माझ्याकडे एक दोनशे पानी वही आहे, ज्याचं काही बरं नाही त्याच्या नावापुढं मी पेन्सिलीचा टिंब देते. वर्ष संपल्यावर वही चाळली तर टिंबं सगळ्यात जास्त सोमवारी. आणि मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी. ह्याचा अर्थ काय ते मी पेठेत राहणाऱ्या माणसाला समजावून सांगायला नको.

काही गोष्टी मात्र ऐकून सोडायच्या नसतात. मार लागतोय, कोण नको तिथं हात लावतंय, असलं काही आलं तर आम्ही पुढं कळवतो, तो नियम आहे. १०९८ हा लहान मुलांच्या मदतीचा नंबर आम्ही नळाजवळच्या भिंतीवर मोठ्या आकड्यात रंगवलाय, पोरांना तो आता बाराच्या पाढ्यापेक्षा पक्का पाठ आहे. तुम्ही पण मोबाईलमधे सेव्ह करून ठेवा, तुमच्या दारात बसणारं एखादं पोर तुम्हालाच आधी सांगेल, आम्हाला नाही. आणि मोठ्यांपैकी कुणाला स्वतःचंच मन थाऱ्यावर नाही असं वाटत असेल तर १४४१६ आहे, टेलीमानस म्हणून, फोन करायला पैसे पडत नाहीत आणि लाजही वाटून घ्यायची गरज नाही.

आता अभ्यासाचं. कारण तुमच्यातले काही म्हणतील, भावना-बिवना सगळं ठीक आहे बाई, पोरांना वाचायला येतंय काय? प्रश्न बरोबर आहे. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता आणि साधे हिशेब करता आले पाहिजेत असं केंद्र सरकारच्या २०२१ च्या निपुण भारत अभियानात लिहिलंय, आणि कागदावर ते फार सोपं दिसतं. जूनमधे एकेका पोराला जवळ बसवून वाचायला दिलं, अक्षर, शब्द, उतारा, गोष्ट ह्या क्रमानं, तर चौथी-पाचवीतली काही पोरं शब्दावरच अडकलेली. मग रोज एक तास इयत्ता बाजूला ठेवली आणि जो जिथं आहे तिथला गट केला. ह्यात अडचण एकच, लाज. पाचवीतलं पोरगं, मिसरूड फुटायची वाट बघतंय, ते तिसरीच्या पोरांबरोबर कसं बसणार? तर असल्या एकाला आम्ही ड्युटी लावली, रोज दुपारी पहिलीच्या वर्गात जाऊन एक गोष्ट वाचून दाखवायची. आता पहिलीला वाचून दाखवायचं म्हणजे पुस्तक पहिलीचंच घ्यावं लागणार, आणि पहिलीची पोरं लई खवट असतात, अडखळला की लगेच हसतात, म्हणून त्याला आदल्या दिवशी घरी सराव करायला लागायचा. सोपं पुस्तक हातात कशाला घेतलंय ह्याचं कारण त्याला मिळालं. दिवाळीच्या सुट्टीआधी तो जोडाक्षरं वाचायला लागला, आणि पहिलीतली पोरं अजून रस्त्यात दिसला की त्याला "सर" म्हणतात.

सगळ्यांचं असं झालं म्हणून सांगणार नाही. माझ्या वर्गातली दोन पोरं अजून शब्दावरच आहेत. एक जण तिसऱ्या तासाला झोपतो कारण घरच्या गाड्यावर रात्री उशिरापर्यंत प्लेटा उचलतो, त्याला उठवायचं की झोपू द्यायचं ह्यावर आमच्या स्टाफमधे वर्षभर वाद झाला आणि अजून मिटलेला नाही. मी झोपू देते. मधे इलेक्शनची कामं, ट्रेनिंगं, ऑनलाईन माहिती भरणं, त्याबद्दल लिहीत बसले तर दुसरं पत्र होईल, सोडा.

आता पाऊस. ह्यावर मात्र जरा थांबते.

पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट हे आपल्याकडं शेंबड्या पोराला पण माहीत असतं. आत्ता चौथीत असलेली पोरं २०१९ च्या पुरात तीन वर्षांची होती, २०२१ ला पाच वर्षांची. त्यांना सगळं आठवतं असं नाही, पण दरवर्षी जुलै आला की आई भांडी माळ्यावर टाकायला लागते, बाप दर तासाला मोबाईलवर "पाणी किती" बघतो, सुतारवाड्यातली कुटुंबं चित्रदुर्ग मठात हलली की घरात तेवढाच एक विषय, हे सगळं पोरं पीत असतात. माझ्या वर्गात एक मुलगा आहे, पाऊस लागला की दप्तर मांडीवर घेऊन बसायचा. दिवसभर. लिहिताना दप्तरावर वही ठेवून लिहायचा. खाली ठेव म्हणून मी त्याला सांगितलं नाही, त्याची काही कारणं असणार, आणि ती कारणं काय ते तुम्ही त्याच्या गल्लीतले आहात, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

वर्गाच्या मागच्या भिंतीवर आम्ही खाकी कागद चिकटवला, त्यावर ३९ ला पिवळी रेघ, ४३ ला तांबडी. रोज सकाळी राजाराम बंधाऱ्याची पातळी पेपरात बघून यायची आणि तिथं ठिपका द्यायचा, आणि हे काम ह्या दप्तरवाल्याला दिलं. एक दिवस पाणी ३८ फूट ७ इंच. मी विचारलं, धोक्याला अजून किती कमी? त्यानं फळ्यावर वजाबाकी मांडली, ४३ फूट ० इंचातनं ३८ फूट ७ इंच, हातचा घेतला आणि उत्तर काढलं ४ फूट ३ इंच. अर्धा वर्ग म्हणाला बरोबर. तेवढ्यात मागच्या बाकावरनं एक ओरडली, तिचा बाप गवंडी आहे, "आरं येड्या, फुटात बारा इंच असत्यात, पप्पांच्या टेपात बघ की!" मग पोरगं थांबलं, पुसलं, दहाच्या जागी बाराचा हातचा घेतला आणि ४ फूट ५ इंच काढले. हातचा म्हणजे नेमकं काय घेतो आणि कशातनं घेतो हे मी तिसरीपासून शिकवत आलेय, वर्गाला ते त्या दिवशी कळलं, कारण त्या दोन इंचांना अर्थ होता.

मग राधानगरी धरणाचे दरवाजे. स्वयंचलित दरवाजे सात, एका दरवाजातनं १४२८ क्युसेक, सात उघडले तर किती? ९,९९६. "म्हंजे धा हजाराला चार कमी," असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांनी वहीत तसंच लिहिलं. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, साधारण २८ लिटर, मग ते किती घागरी होतील ह्यावर भांडणं. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी कुठनं येतात आणि प्रयाग चिखलीला कशा मिळतात त्याचा नकाशा काढला, तेव्हा पोरांना कळलं की राधानगरीला पडलेला पाऊस आपल्या दारात यायला वेळ लागतो, आणि त्या वेळात माणसं बाहेर काढता येतात, गुरं सोडता येतात, दप्तर वरच्या मजल्यावर नेता येतं. भीती गेली असं मी म्हणणार नाही, नदीची भीती थोडी असावीच. पण दप्तर मांडीवरनं बाकाखाली गेलं, श्रावण संपायच्या सुमाराला.

ह्याच दिवसातली तुमची गोष्ट. पाणी आल्यावर तुम्ही काय करता ते सगळं गाव बघतं, म्हाताऱ्या माणसांना पाठुंगळी घेऊन बाहेर काढणं, जेवणाची पाकिटं, रात्र-रात्र जागरण, त्याचे व्हिडिओ पण निघतात आणि निघावेत. पण एका गोष्टीचा व्हिडिओ कुणी काढला नाही. स्थलांतरित कुटुंबं होती तिथं एका रात्री लाईट गेली, बारकी पोरं रडायला लागली, आणि तुमच्यातल्या एकानं त्यांना गोळा करून मोबाईलच्या उजेडात कुस्तीच्या डावांच्या गोष्टी सांगितल्या, धोबीपछाड कशी मारतात ते एका पोराला उशी देऊन करून दाखवलं. त्याला वाटलं असेल टाईमपास केला. आमच्या हजेरीत ती रात्र पुढं कितीतरी दिवस येत होती. "हजर बाई, त्या दादानं उशीला पाडलं." निबंधाला "माझा आवडता दिवस" दिला तर दोघांनी पुरातली ती रात्र लिहिली. आवडता दिवस म्हणून! कुणी केलं ते मला माहीत आहे, नाव लिहीत नाही, त्याला आवडायचं नाही.

आता तक्रार. गणपतीत एका मंडळानं, कुठल्या ते लिहीत नाही, दुपारी तीन वाजता शाळेच्या भिंतीला लागून डॉल्बी टेस्ट केला. आत पहिलीचा तास चालू होता. खिडकीची तावदानं थरथरायला लागली, पोरांनी कान दाबले, आणि एक बारकी मुलगी इतकी घाबरली की तिचे कपडे ओले झाले आणि दुसऱ्या दिवशी ती शाळेला यायलाच तयार होईना, कारण सगळ्यांनी बघितलं होतं. शाळेच्या भोवतीचं शंभर मीटर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतं, ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत, असल्या क्षेत्रात दिवसा मर्यादा ५० डेसिबल, ते मी तुम्हाला शिकवायला नको, परवानगीचे अर्ज तुम्हीच भरता. नियम सोडा. ती मुलगी तुमच्याच गल्लीतली आहे, तिच्या बारशाला तुमच्यातलेच चार जण जेवून आलेत. तिला परत वर्गात बसवायला आमच्या पहिलीच्या बाईंना दिवाळी उजाडली. मिरवणूक काढा, ढोल-ताशा वाजवा, पोरांना पण आवडतंय. टेस्टिंग तेवढं शाळा सुटल्यावर आणि दुसरीकडं.

दुसरीच्या वर्गातलं एक थोडक्यात सांगते, मला ते फार आवडलेलं आहे. एक मुलगी घरी सगळं बोलते पण शाळेत तोंड उघडत नाही. वर्ष झालं, एक शब्द नाही. तिच्या बाईंनी बोल-बोल करणं बंद केलं आणि पुस्तकांच्या कपाटाची किल्ली तिच्या गळ्यात घातली. पुस्तक पाहिजे तर तिच्याकडं जायचं. पहिले दोन महिने ती नुसती बोट दाखवायची. मग एका पोरानं पुस्तक परत आणलं, तिनं उघडून बघितलं आणि शाळेतलं पहिलं वाक्य बोलली, "पान दुमडलास काय?" पोरगं इतकं दचकलं की सॉरी म्हणून पळालं. अजून ती फळ्यासमोर बोलत नाही. पण पुस्तक उशिरा आणणाऱ्यांची खैर नाही.

आणि आता फुटबॉल. ह्याच्याशिवाय हे पत्र पेठेतलं कसं म्हणायचं.

सीझन सुरू झाला की माझा वर्ग दोन भागात फुटतो. कंपासवर स्टिकर, वहीच्या मागच्या पानावर टीमचं नाव, शाहू स्टेडियमवर कोण जिंकलं त्यावर डबा कुणाबरोबर खायचा ते ठरतं. इथपर्यंत मजा आहे, मी स्वतः पेठेतली आहे, मला पण आमची टीम हरली की जेवण जात नाही. पण यंदा एका मॅचनंतर दोन पोरांनी एकमेकांचे शर्ट फाडले. बटणं मुठीत घेऊन माझ्यासमोर उभे. विचारलं तर दोघांपैकी एकानंही मॅच बघितलेली नव्हती. त्यांनी बघितलेली रील, मॅचनंतर गॅलरीत जे झालं त्याची, कुणीतरी गाणं लावून टाकलेली. म्हणजे खेळ त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही, नुसती हाणामारी पोचली.

शिक्षा करून काय होणार होतं? आम्ही एक तास ठेवला, हरल्यावर काय करायचं. आणि तुमच्यातल्याच एका गोलकीपरला बोलावलं, शाळेचाच माजी विद्यार्थी. चप्पल घालून आला, बारक्या बाकावर बसला, गुडघे हनुवटीला. म्हणाला, एकदा पेनल्टीला बॉल माझ्या हाताखालनं गेला आणि आम्ही हरलो, दोन दिवस घराबाहेर पडलो नाही, तिसऱ्या दिवशी आई म्हणाली ऊठ, दूध आण. पोरं हसली. मग त्या शर्ट फाडणाऱ्यातल्या एकानं विचारलं, "रडलासा काय?" गोलकीपर जरा थांबला. माझ्याकडं बघितलं. म्हणाला, "व्हय, बाथरूमात, नळ सोडून." मला वाटलं परत हसतील, कुणी हसलं नाही. एवढा उंच माणूस, ज्याचा फोटो त्यांच्या घरातल्या मोबाईलवर स्टेटसला असतो, तो रडलेला. त्यानंतर वर्गात "नळ सोडला" हा शब्दच झाला. "हजर बाई, काल नळ सोडला." आणि शेजारचा बसल्या बसल्या त्याच्याकडं पाण्याची बाटली सरकवतो. असलं मानसशास्त्र डी.एड.ला कुणी शिकवलेलं नव्हतं.

त्या गोलकीपरनं अर्धा तास दिला. आमचं वर्षभराचं बोलणं एकीकडं आणि तो अर्धा तास एकीकडं, असं मी स्टाफरूममधे म्हणाले तर आमच्या सरांना राग आला, पण खरं तेच आहे.

आणि म्हणून हे पत्र. तुम्ही दरवर्षी जूनमधे वह्यावाटप करता, फोटो काढता, बॅनर लावता. मनापासून करता, मला माहीत आहे. पण खरं सांगू काय, वह्या आता पुरेत. एकेका पोराकडं तीन-तीन मंडळांच्या वह्या आहेत, कव्हरवर साहेबांचे फोटो, पोरं त्यांना मिशा काढतात, आहे त्या मिशांना अजून मोठ्या काढतात. यंदा वह्या नको. तालमीचा हॉल द्या.

संध्याकाळी सहा ते साडेसात, शाळेच्या दिवशी. जोर-बैठका पहाटे होतात, संध्याकाळी हॉल तसा मोकळाच असतो, कॅरम आणि टीव्ही सोडून. पोरं येतील, अभ्यास करतील, नाहीतर नुसती पुस्तक घेऊन बसतील. शिकवायचं तुम्ही नाही, आलटून पालटून आमच्यातलं कोणीतरी येईल आणि पाचवी ते सातवीतली पोरं बारक्यांना वाचून दाखवतील, ते त्यांना आता जमतंय. तुमच्यातला रोज एक जण पाहिजे. त्यानं काय करायचं, तर बसायचं. मोबाईल खिशात ठेवून बसायचं, हे अवघड आहे मला ठाऊक आहे. एखादं पोर येऊन काही सांगितलं तर ऐकायचं, लगेच "कुणी मारलं, दाखव" म्हणून उठायचं नाही. आणि भांडण झालं तर दोघांना पाणी द्यायचं. कोण बसेल ते तुम्ही ठरवा, पण बारावी नापास आहे म्हणून लाजून मागं राहू नका कोणी, मला असलाच पाहिजे, नापास होऊन परत उभा राहिलेला.

शाहू महाराजांनी १९१२ ला खासबागेचं कुस्तीचं मैदान उभं केलं आणि १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करायचा हुकूम काढला, पोराला शाळेत घातलं नाही तर बापाला महिन्याला एक रुपया दंड. पाच वर्षांच्या अंतरानं ह्या दोन गोष्टी एकाच माणसानं केल्या. तालीम वेगळी आणि शाळा वेगळी, तालमीतलं पोरगं वाया गेलेलं आणि शाळेतलं पोरगं शेळपट, असलं त्यांच्या डोक्यात नव्हतं, ते नंतर आपण घातलं. जयंतीला तुम्ही दसरा चौकात हार घालायला येताच, आम्ही पण पोरांना घेऊन येतो, तिथं एकमेकांना नमस्कार करतो आणि आपापल्या वाटेनं जातो. ती जयंती २६ जूनला आहे, शाळा सुरू होऊन जेमतेम दहा-बारा दिवस झालेले असतील. हॉल त्या दिवसापासून उघडला तर बरं होईल, बॅनर लावायचा असेल तर लावा, माझी काही हरकत नाही, फक्त पोरांचे फोटो नकोत.

मुलींबद्दल एक. तालमीच्या हॉलमधे मुली कशा येणार, असं कुणीतरी म्हणणार, म्हणून आधीच लिहिते. मुली येणार. त्यांच्यासाठी आम्ही एक बाई तिथं असूच आणि आयांशी बोलणं झालंय. एका मुलीला मी विचारलं, येशील का, तर म्हणाली, "मी तर येतोच की बाई, पण तिथं ती हार-बिर घातलेली गदा हाय न्हवं, ती उचलू देतील काय?" त्याचं उत्तर तुमच्याकडं.

आणि गॅलरीत बसताना एवढंच ध्यानात ठेवा की तुमची रील दुसऱ्या दिवशी साडेदहाला माझ्या वर्गात येते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पटनोंदणीसाठी आम्ही शिक्षक घरोघरी फिरतो, तेव्हा एका संध्याकाळी प्रत्येक तालमीच्या दारात येऊन जाऊ. हॉलची किल्ली कुणाकडं असते ते तेवढं ठरवून ठेवा. ट्यूबलाईट पण बघून घ्या, मागं हळदीकुंकवाला आलेले तेव्हा खिडकीकडच्या दोन्ही बंद होत्या, आणि बारक्यांना वाचायला उजेड लागतो.

तुमची,
चौथीच्या वर्गातली बाई